तुकडे कोणी करायचे?

एकोणिसाव्या शतकात आपल्या देशात सरकारी नोटा चालू झाल्या, तेव्हा परगावी पैसा पाठवणाऱ्या सावकारांनी एक तोड काढली होती. नोटेचे मधोमध दोन तुकडे करायचे. पहिला अर्धा टपालाने रवाना करायचा. तो पोचल्याचे पत्र हाती आले, की मग दुसरा अर्धा पाठवायचा. वाटेत टपालाची थैली कुणी लुटलीच, तर त्याच्या हाती लागणार अर्धी नोट. म्हणजे निव्वळ कागद! पलीकडचा माणूस दोन्ही अर्ध्यांवरचे नंबर ताडून पाही, मागून कागदाची पट्टी लावी आणि नोट पुन्हा सबंध होई.

ही तोड चोराच्या भयाने निघालेली होती. पण तिच्यात तीन प्रश्नांची उत्तरे आपोआप दिलेली आहेत. तुकडे कोणी करायचे? ज्याची नोट आहे त्याने. जोडायचे कुठे? जिथे ती पोचायची आहे तिथे. आणि एखादा तुकडा गहाळ झाला तर? तर पोच येणार नाही, आणि पोच आली नाही की पाठवणारा सावध होईल. मधल्या डाकवाल्याला यातले काही ठाऊक असण्याची गरजच नव्हती. त्याने लिफाफा तेवढा न्यायचा.

वाचकहो, हे सारे आठवण्याचे कारण असे, की संगणक एकमेकांशी बोलू लागले तेव्हा त्यांच्यापुढे नेमके हेच तीन प्रश्न उभे राहिले. निरोप मोठा आणि वाट अरुंद. तेव्हा तुकडे करणे भाग. पण ते करायचे कोणी? या एका प्रश्नावर मोठमोठ्या बुद्धिमंतांची पन्नासेक वर्षे खर्ची पडली. ती हकिकत मोठी बोधप्रद आहे.

प्रथम अशी शंका येईल, की मुळात मर्यादा हवीच कशाला? निरोप असेल तेवढा लांब जाऊ द्यावा. पण रेल्वेच्या तिकिटाच्या खिडकीपाशी काय होते ते आठवा. पुढच्या गृहस्थाने वऱ्हाडातल्या पन्नास माणसांची तिकिटे मागितली, की मागे एका तिकिटासाठी उभा असलेला माणूस तासभर तिष्ठतो. तारेचेही तसेच आहे. एका संगणकाने लांबलचक निरोप सुरू केला, की तो संपेपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचे. शिवाय तारेवर खरखर झाली आणि एक अक्षर बिघडले, तर सगळा निरोप पुन्हा पाठवायचा. आणि निरोप सबंध साठवून पुढे धाडायचा म्हटले, तर मधल्या प्रत्येक ठाण्यावरच्या यंत्राला तेवढी स्मृती हवी. आणि त्या काळी स्मृतीइतकी महाग वस्तू दुसरी नव्हती.

यावरचा उपाय दोन माणसांना, दोन देशांत, एकमेकांची काहीही माहिती नसताना सुचला. अमेरिकेत रँड या संस्थेत पॉल बॅरन हा अभियंता अणुयुद्धातही तगून राहील अशा दळणवळणाचा विचार करीत होता. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या टिपणांत त्याने सांगितले, की निरोपाचे सारख्या मापाचे ठोकळे करावेत आणि ज्याला जी वाट मोकळी दिसेल तिने तो जावा. पुढच्याच वर्षी इंग्लंडात, टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत, डोनाल्ड डेव्हिस यालाही तीच कल्पना सुचली. त्याच्या डोळ्यांपुढे युद्ध नव्हते. एकाच संगणकावर काम करणाऱ्या अनेक माणसांना झटपट उत्तर मिळावे, एवढाच त्याचा हेतू होता. १९६६ साली त्याने या विषयावर व्याख्यान दिले, तेव्हा संरक्षण खात्याचा एक माणूस त्याला येऊन भेटला आणि बॅरनचे काम त्याच्या कानांवर घातले. मौज अशी, की दोघांनी ठोकळ्याचे मापही एकच धरले होते: १०२४ बिट. बिट म्हणजे संगणकाच्या लिपीतले सर्वांत लहान अक्षर, शून्य किंवा एक. आठ बिटांचा एक बाइट होतो, आणि रोमन लिपीतल्या एका अक्षराला एक बाइट पुरतो. हे माप म्हणजे शे-सव्वाशे अक्षरांचा मजकूर.

नाव मात्र डेव्हिसने दिले. दुसऱ्या भाषांतही सहज रुळेल असा शब्द त्याला हवा होता, म्हणून त्याने भाषा जाणणाऱ्याचा सल्ला घेतला आणि ‘पॅकेट’ हा शब्द निवडला. लहानसे पुडके! शब्द खरोखरच रुळला. मराठीतही आपण आज पॅकेटच म्हणतो.

आता या पुडक्यांचा पहिला मोठा संसार पाहू. अमेरिकन संरक्षण खात्याच्या आर्पा या शाखेने संशोधनसंस्थांचे संगणक जोडण्यासाठी जे जाळे उभारले, त्याचे नाव आर्पानेट. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेकडे पहिला निरोप गेला तो २९ ऑक्टोबर १९६९ रोजी. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे गेली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. असो.

या जाळ्यात प्रत्येक संस्थेच्या मोठ्या संगणकाशेजारी एक लहान संगणक ठेवलेला असे. त्याला इंप म्हणत. दळणवळणाची सगळी उठाठेव त्याच्याकडे. मोठ्या संगणकाने सुमारे आठ हजार बिटांपर्यंतचा निरोप इंपच्या हवाली करायचा. इंपने त्याचे जास्तीत जास्त आठ तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा हजारेक बिटांचा. पलीकडच्या इंपने ते गोळा करून, क्रमाने लावून, सबंध निरोप आपल्या धन्याच्या पुढे ठेवायचा. म्हणजे तुकडे करणारे जाळे आणि जोडणारेही जाळेच. दोन्ही टोकांच्या संगणकांना या खटाटोपाचा पत्ताही लागू नये, अशी ही सोय होती. वरवर पाहता याहून चांगली व्यवस्था कोणती?

पण बॉब कान नावाच्या माणसाच्या मनात एक शंका घर करून बसली होती. तो स्वतः हे जाळे रचणाऱ्यांपैकीच एक. त्याची शंका समजायला एखाद्या रेल्वे स्टेशनच्या मालधक्क्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक व्यापाऱ्याचा माल आठ पेट्यांचा आहे, आणि आठही पेट्या आल्याखेरीज माल सोडवता येत नाही असा नियम आहे. गोदामात कुणाच्या सात पेट्या, कुणाच्या सहा, कुणाच्या पाच, असे होता होता गोदाम गच्च भरते. राहिलेल्या पेट्या कुठे आहेत? बाहेर, रांगेतल्या गाड्यांवर! गोदामात जागा नाही म्हणून त्या आत येत नाहीत, आणि त्या आत येत नाहीत म्हणून गोदाम रिकामे होत नाही. चूक कुणाचीच नाही, सगळे नियमाने वागत आहेत, आणि तरीही सगळा व्यवहार ठप्प.

इंपच्या स्मृतीत असेच होईल, असे कानचे म्हणणे. असे सहसा घडणार नाही, असे सहकाऱ्यांचे म्हणणे. अखेर १९७० च्या सुरुवातीला कान आणि डेव्ह वॉल्डन लॉस एंजेलिसला गेले. तिथल्या व्हिंट सर्फ या विद्यार्थ्याने त्यांना हवे ते प्रोग्राम लिहून दिले. जाळ्यावर मुद्दाम तसला भार टाकला मात्र, आणि जाळे खरोखरच जागच्या जागी थिजले. इंग्रजीत या अवस्थेला ‘लॉकअप’ म्हणतात. आपल्याकडे कोठडीला तोच शब्द आहे, आणि तो इथेही शोभतो.

उपाय सापडला. मोठा निरोप पाठवण्याआधी पलीकडच्या इंपकडे जागेची मागणी करायची आणि जागा राखून ठेवल्याचे उत्तर आल्यावरच तुकडे सोडायचे. गाडा पुन्हा चालू लागला. पण एक धडा मिळाला तो मिळालाच. जोडणीचे काम वाटेवरच्या माणसाच्या गळ्यात घातले, की त्याला गोदाम बांधावे लागते. आणि गोदाम कितीही मोठे बांधले तरी ते कधीतरी भरतेच.

हा धडा फ्रान्समध्ये लुई पूझँ याने अगदी टोकाला नेला. १९७२-७३ च्या सुमारास त्याने सिक्लाद नावाचे जाळे उभारले. त्यात मधल्या यंत्रांनी काही म्हणजे काही करायचे नव्हते. आलेले पुडके पुढे ढकलायचे, बस्स. क्रम लावणे, हरवलेले शोधणे, जोडणे ही सारी कामे दोन्ही टोकांच्या संगणकांची. आपला डाकवाला तरी याहून वेगळे काय करीत होता?

कान आणि सर्फ पुन्हा एकत्र आले ते याहून मोठ्या कामासाठी. आता एक जाळे राहिले नव्हते. तारांवर चालणारे आर्पानेट होतेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात बिनतारी रेडिओवर चालणारे दुसरे जाळे तयार होत होते, आणि अटलांटिक महासागर ओलांडणारे तिसरे उपग्रहामार्फत चालायचे होते. प्रत्येकाच्या पुडक्याचे माप निराळे. मग एका जाळ्यातून दुसऱ्यात शिरताना काय करायचे? सगळ्यांना एकच माप बांधून द्यावे, हा सोपा मार्ग होता. पण उद्या नवे तंत्र निघाले, तर त्यालाही कालच्या मापात कोंबावे लागेल. १९७४ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात दोघांनी तो मार्ग नाकारला. त्यांनी ठरवले ते असे: जाळ्याच्या वेशीवर जे यंत्र बसेल त्याने, पुडे वाट अरुंद दिसली तर, पुडक्याचे तुकडे करावेत, पण जोडू नयेत. जोडणी एकदाच, शेवटच्या मुक्कामी.

म्हणजे पूर्वीच्या व्यवस्थेतला अर्धा भाग टाकला आणि अर्धा ठेवला. गोदाम गेले, मधला कातरवाला मात्र राहिला.

१९८१ च्या सप्टेंबरात जॉन पोस्टेल याने संपादित केलेला इंटरनेट प्रोटोकॉलचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेट त्या नियमांवर चालू लागले. आज जगभर जे इंटरनेट आहे, त्याचा पाया तोच. त्या मसुद्यात तुकड्यांची व्यवस्था कशी लावली आहे, ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक पुडक्याला एक क्रमांक. त्याच्या प्रत्येक तुकड्यावर तोच क्रमांक; नोटेच्या दोन अर्ध्यांवर असतो तसा. शिवाय हा तुकडा मूळ पुडक्यात कितव्या जागेवरचा, याची नोंद. शिवाय ‘अजून तुकडे यायचे आहेत’ अशी एक खूण. आणि चौथी एक खूण मोठी महत्त्वाची: ‘कृपया फोडू नये’. सबंध पुडक्याची कमाल मर्यादा ६५,५३५ बाइट, आणि कोणत्याही संगणकाला निदान ५७६ बाइटांचे पुडके घेता आलेच पाहिजे, हा किमान दंडक.

याच सुमारास आणखी एक आकडा जन्माला आला. एका इमारतीतले संगणक जोडणारी ईथरनेट नावाची पद्धत १९७३ पासून झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत आकार घेत होती. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून तिचे प्रमाण ठरवले. त्यात एका खेपेला जास्तीत जास्त १५०० बाइट मजकूर न्यावा, असे म्हटले. त्या काळच्या वेगाने एवढ्या मजकुराला एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून किंचित जास्त वेळ लागे. तेवढा वेळ एकाने तार अडवली तर इतरांना जाच होत नसे. पुढे वेग शेकडो, हजारो पटींनी वाढला, स्मृती स्वस्त झाली, तारेच्या जागी काचेचे तंतू आले. पण १५०० हा आकडा जागचा हलला नाही. कारण आता सगळ्या जगाने तो गृहीत धरला होता. मर्यादा घालणाऱ्याची अडचण संपते, पण मर्यादा संपत नाही!

आता मधल्या कातरवाल्याकडे वळू. १९८७ साली क्रिस्तोफर केंट आणि जेफ्री मोगल या दोघांनी एक निबंध लिहून स्पष्टच सांगितले, की वाटेत तुकडे करण्याची ही रीत अपायकारक आहे. त्यांचा मुख्य आक्षेप समजायला लहानसा हिशोब पुरे. समजा, ८१९२ बाइटांचे एक पुडके ईथरनेटवरून जायचे आहे. त्याचे सहा तुकडे होतील. सहांपैकी पाच पोचले आणि एक हरवला, तर मुक्कामावरचा संगणक काही वेळ वाट पाहतो आणि मग आलेले पाचही तुकडे टाकून देतो. कारण हरवलेला तुकडाच तेवढा मागवण्याची सोय या व्यवस्थेत नाही. तुकडे पाठवणाऱ्याने केलेलेच नाहीत. त्याच्या लेखी पुडके एकच होते. त्याला सगळेच पुन्हा पाठवावे लागते आणि त्याचे पुन्हा सहा तुकडे होतात. शंभरात एक तुकडा हरवत असेल, तर शंभरांतली सुमारे सहा पुडकी अशी वाया जातील. अर्ध्या नोटेला बाजारात किंमत नाही, तशातली ही गत.

उलट, निरोपाचे तुकडे पाठवणाऱ्याने स्वतःच केले तर? टीसीपी या नियमावलीत नेमके तेच होते. पाठवणारा आपल्या हाताने भाग पाडतो, प्रत्येक भाग कोणता ते त्याला ठाऊक असते, पलीकडून पोच येते, आणि जो भाग पोचला नाही तो तेवढाच पुन्हा पाठवता येतो. ज्याने कापले त्यालाच नेमके काय हरवले ते कळते. सगळ्या हकिकतीचे मर्म मला या एका वाक्यात दिसते.

पण पाठवणाऱ्याने कापायचे, तर वाटेतली सर्वांत अरुंद जागा किती रुंद आहे, हे त्याला घरबसल्या कसे कळावे? यावर मोगल आणि स्टीव्ह डीअरिंग यांनी १९९० साली एक युक्ती सुचवली. त्या जुन्या चौथ्या खुणेचा त्यांनी उपयोग करून घेतला. प्रत्येक पुडक्यावर ‘फोडू नये’ असे लिहायचे आणि ते मोठेच पाठवायचे. वाटेत ज्या यंत्राला ते झेपणार नाही, त्याने ते टाकून द्यावे. पण मुकाट्याने नव्हे. पाठवणाऱ्याला चिठ्ठी पाठवावी, की ‘एवढे मोठे इथून जात नाही, माझ्याकडून अमुक बाइटांपर्यंत जाईल.’ मग पाठवणाऱ्याने त्या मापाने पुन्हा कापून पाठवावे. घाटाच्या पायथ्याशी पाटी असते ना, की अमुक उंचीच्या वर भरलेली गाडी नेऊ नये, तसेच हे. फरक इतकाच, की इथे पाटी स्वतः चालत मालकाच्या घरी येते.

युक्ती नामी होती, पण तिचा सगळा भार त्या चिठ्ठीवर होता, आणि चिठ्ठीच बंद पडली. १९९६-९७ च्या सुमारास खोडसाळ लोकांना तुकड्यांच्या जोडणीतली एक फट सापडली. असे तुकडे पाठवायचे, की जोडल्यावर पुडके ६५,५३५ बाइटांच्या वर जावे. जोडणाऱ्या संगणकाने असा प्रकार कधी कल्पिलाच नव्हता. तो कोसळून पडे. दुसऱ्या एका प्रकारात एकमेकांवर चढणारे तुकडे पाठवून तोच परिणाम साधत. संस्थांनी घाबरून आपापल्या वेशीवर पहारे बसवले. पहारेकऱ्यांनी संशयित तुकडे तर अडवलेच, पण त्यांच्याबरोबर व्यवस्थेच्या चिठ्ठ्याही अडवल्या. कारण पुष्कळांना त्या चिठ्ठ्या कशासाठी आहेत हेच माहीत नव्हते.

याचा परिणाम काय झाला? घरगुती इंटरनेटच्या एका पद्धतीत प्रत्येक खेपेतले आठ बाइट व्यवस्थेसाठी खर्च होतात आणि १५०० ऐवजी १४९२ च उरतात. फरक आठ बाइटांचा! पण एवढ्याने माणसे हैराण झाली. लहान पत्रे जात, मोठी अडकत. एखादे स्थळ उघडू लागे आणि अर्ध्यावर थबके. तक्रार करावी तर ‘आमच्याकडे सगळे ठीक आहे’ असे दोन्ही टोकांचे उत्तर, आणि ते खरेही असे. पाठवणारा पाठवत राही, मधले यंत्र टाकत राही, आणि चिठ्ठी पहाऱ्यापाशी मरे. जाणकारांनी या प्रकाराला कृष्णविवर असे नाव दिले, ते यथार्थ आहे. मर्यादेने फारसे नुकसान झाले नव्हते. नुकसान झाले ते मौनाने.

इथे थोडे थांबून पत्रव्यवहाराकडे पाहू, कारण तिथे हीच गोष्ट माणसांनी आपल्या हातांनी केली. १९८२ च्या नियमांप्रमाणे संगणकावरचे पत्र म्हणजे साधा रोमन मजकूर. एका ओळीत हजारांहून अधिक अक्षरे नकोत. चित्र, प्रोग्राम, दुसऱ्या लिपीतला मजकूर यांना त्यात जागाच नव्हती. म्हणून तसल्या मजकुराचे साध्या अक्षरांत रूपांतर करीत, तीन बाइटांना चार अक्षरे या हिशोबाने. म्हणजे माल तेवढाच, पण ओझे तिसऱ्या हिश्शाने वाढलेले. त्यातून कित्येक टपालकेंद्रे फार मोठे पत्र घेत नसत. मग माणसे त्या मजकुराचे भाग पाडून, ‘सातांपैकी पहिला’, ‘सातांपैकी दुसरा’ असे मथळे लिहून सात पत्रे धाडत. पलीकडचा माणूस ती क्रमाने लावून जोडी, आणि पाचवा भाग आला नाही तर ‘पाचवा पुन्हा पाठवा’ असे कळवी. १९९२ साली बोरेनस्टीन आणि फ्रीड यांनी माइम नावाचे नियम केले, तेव्हा त्यात अशा भागशः पत्राचीही रीतसर सोय ठेवली.

आपल्याकडेही हे दिवस आले होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून अमेरिकेशी जोडणी झाली, ती सेकंदाला ९६०० बिटांची. दहा लाख बाइटांचा मजकूर या वाटेने न्यायचा, तर वाट पूर्ण मोकळी असूनही चौदा मिनिटे लागणार, आणि वर सांगितलेले रूपांतर धरले तर साडेअठरा. अशा वाटेवर तेराव्या मिनिटाला खंड पडला, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून पाठवायचे की नेमका हरवलेला भाग, हा प्रश्न पांडित्याचा राहत नाही.

मर्यादेचा आणखी एक मासला सांगतो. इंटरनेटवरच्या नावांवरून पत्ते शोधून देणारी व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस याने १९८३ साली रचली. तिच्यात साध्या उत्तराला ५१२ बाइटांची मर्यादा घातली. का, तर तेवढे उत्तर कुठेही न फुटता जावे. या व्यवस्थेच्या मुळाशी जी केंद्रे आहेत, त्यांची नावे तेराच का? कारण तेरा नावे आणि त्यांचे पत्ते मिळून ५१२ बाइटांत बसतात! आज त्या तेरा नावांमागे हजाराहून अधिक यंत्रे काम करतात, पण नावे तेराच राहिली. १९९९ साली मोठ्या उत्तरांची सोय केली गेली. तेव्हा मोठी उत्तरे वाटेत फुटू लागली, हरवू लागली. म्हणून २०२० साली या क्षेत्रातल्या मंडळींनी ठरवले, की १२३२ बाइटांच्या वर जाऊ नये आणि उत्तर त्याहून मोठे असेल तर टीसीपीने, म्हणजे पाठवणाऱ्याच्या हाताने कापून, न्यावे.

हा १२३२ आकडा कुठून आला, ते सांगितले म्हणजे हकिकत पूर्ण होते. इंटरनेट प्रोटोकॉलची नवी, सहावी आवृत्ती १९९५ साली मांडली गेली आणि १९९८ साली सुधारली गेली. तिच्यात वाटेवरच्या यंत्राकडून कात्री काढूनच घेतली. तुकडे करायचे असतील, तर ते मूळ पाठवणाऱ्यानेच करावेत. त्याबरोबर, प्रत्येक वाटेने निदान १२८० बाइटांचे पुडके नेलेच पाहिजे, असा दंडक १९९८ च्या सुधारणेत घातला. त्यातून दोन आवरणांचे ४० आणि ८ बाइट वजा केले, की उरतात १२३२. पुढे २००७ साली मॅथिस आणि हेफ्नर यांनी चिठ्ठीवर विसंबण्याचेही कारण ठेवले नाही. पाठवणाऱ्याने हळूहळू मोठी पुडकी पाठवून पाहावीत. पोच आली तर वाट रुंद आहे, नाही आली तर माप कमी करावे. २०२१ साली प्रमाण ठरलेल्या क्विक या नियमावलीत तर पुडकी वाटेत फोडू देऊच नयेत, असे बजावलेले आहे.

म्हणजे फिरून आपण कुठे आलो? ज्याची नोट त्याने कापावी, जिथे पोचायची तिथे जोडावी आणि पोच येईपर्यंत निर्धास्त राहू नये. जुन्या सावकाराला संगणकशास्त्र येत नव्हते. पण वाटेवरच्या माणसावर किती टाकावे आणि किती टाकू नये, हे त्याला कळत होते.

शेवटी एक आपल्या घरची गोष्ट. मोबाइलवरच्या लघुसंदेशाची १६० अक्षरांची मर्यादा सर्वांना परिचित आहे. १९८५ च्या सुमारास जर्मनीत फ्रीडहेल्म हिलेब्रांट याने टंकलेखन यंत्रावर निरनिराळी वाक्ये लिहून, अक्षरे मोजून, एवढी पुरेत असे ठरवले. एका संदेशात १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. रोमन अक्षराला सात बिट धरले तर १६० अक्षरे होतात. देवनागरीला मात्र प्रत्येक चिन्हामागे सोळा बिट लागतात. तेव्हा उरतात फक्त ७०. आणि आपली काना, मात्रा, हलन्त ही निराळी मोजली जातात. ‘स्त्री’ हे वाचायला एक अक्षर. मोजणीत ती सहा चिन्हे. संदेश याहून लांब झाला, की त्याचे भाग पडतात, आणि जोडणीच्या खुणांना जागा द्यावी लागत असल्याने एका भागात ६७ च चिन्हे मावतात. १६० चिन्हांचा जो निरोप रोमन लिपीत एका खेपेत जातो, त्याला देवनागरीत तीन खेपा पडतात; आणि भागागणिक आकार घेतला जातो तिथे पैसेही तिप्पट. कित्येकांनी मराठी रोमन अक्षरांत लिहायला सुरुवात केली, त्याचे हेही एक कारण.

यात कुणाचा दुष्टावा नव्हता. मोजणाऱ्यापुढे जी लिपी होती, तिची वाक्ये त्याने मोजली. पण वाचकहो, मर्यादा ठरवताना जो त्या खोलीत हजर नसतो, त्याच्या वाट्याला तुकडे जास्त येतात, एवढे यातून दिसते. मर्यादा असायचीच, वाट कधी अनंत रुंद होत नाही. तेव्हा आग्रह दोनच गोष्टींचा धरावा. आपल्या निरोपाचे तुकडे करायची पाळी आली, तर कात्री आपल्या हाती असावी. आणि वाटेत कुणी निरोप अडवला, तर ‘अडवला, आणि अमुक कारणाने अडवला’ एवढी चिठ्ठी त्याने परत धाडावी. नोट अर्धी पोचली तर ती पुरी करता येते. पण पोचली नाही हेच कळले नाही, तर माणूस पलीकडे नुसता वाट पाहत बसतो.